फादर किंवा सिस्टर होण्याचं 'बोलावणं' येतं म्हणजे नेमकं काय होतं?

चंद्रपूरहून मोहर्ली गेटकडे निघालेल्या माणसाच्या डोक्यात वाघाशिवाय दुसरं काही नसतं, आणि ते साहजिकच आहे. पण चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली या पट्ट्यात काही वर्षं काढलेल्यांना एक गोष्ट माहीत असते. इथल्या कॉन्व्हेंट शाळेत, वसतिगृहात, दवाखान्यात जे फादर आणि सिस्टर भेटतात, त्यांतले पुष्कळ जण केरळचे असतात. घरदार सोडून इतक्या लांब का आलात, असं विचारलं तर बहुधा उत्तर मिळतं की देवाचं बोलावणं आलं.

आता बोलावणं येतं म्हणजे काय? स्वप्न पडतं? आवाज ऐकू येतो? आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला ते खरं आहे, की आईच्या नवसाचा, घरच्या गरिबीचा, नाहीतर मोडलेल्या प्रेमाचा तो परिणाम आहे, हे कळणार कसं? निर्णय तर आयुष्यभराचा. लग्न नाही, मूलबाळ नाही, स्वतःच्या नावावर घर नाही.

या एका प्रश्नावर कॅथलिक चर्चमध्ये दीड हजारांहून जास्त वर्षं लिखाण होत आलं आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही सगळी भरतीची जाहिरात असणार. जाहिरात त्यात आहेच, काही पुस्तकं तर नुसती तीच आहेत. पण त्यातला जो भाग शतकानुशतकं टिकला, तो भलताच सावध आहे. दाराशी आलेल्याला लगेच आत घेऊ नका, त्याला तपासा, आणि बोलावणं खरं नसेल तर त्याला परत जाता येईल अशी वाट ठेवा, असं तो सांगतो.

आधी शब्द समजून घेऊ

मराठी बायबलमध्ये आणि मराठी ख्रिस्ती बोलण्यात यासाठी 'पाचारण' हा शब्द आहे. पाचारण म्हणजे बोलावणं. लॅटिनमध्ये बोलावणं या अर्थाचं जे क्रियापद आहे, त्यावरून इंग्रजीत 'व्होकेशन' आलं. गंमत म्हणजे आयटीआयच्या 'व्होकेशनल' कोर्समधला शब्दही तोच. देवाने नेमून दिलेलं काम, मग कुठलंही नेमाचं काम, मग फिटर आणि वेल्डरचा कोर्स, असा त्याचा प्रवास झाला.

दुसरा गोंधळ फादर, मठवासी आणि सिस्टर यांच्यात होतो. सगळे फादर मठातले नसतात. जो फादर थेट बिशपच्या हाताखाली एखाद्या धर्मप्रांतात काम करतो, तो अविवाहित राहण्याचं आणि बिशपची आज्ञा पाळण्याचं वचन देतो. दारिद्र्याचं व्रत तो घेत नाही, त्याच्या नावावर बँकेत पैसे असू शकतात. जो एखाद्या संघात जातो (जेझुइट, फ्रान्सिस्कन, कार्मेलाइट वगैरे) तो दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रतं घेतो. सिस्टरसुद्धा ही तीन व्रतं घेतात, पण त्या धर्मगुरू नसतात. त्या मिस्सा करू शकत नाहीत. आणि व्रतं घेतलेले पण धर्मगुरू न झालेले पुरुष म्हणजे ब्रदर. एकच 'बोलावणं' म्हटलं तरी त्याचे असे तीन-चार वेगळे रस्ते आहेत, आणि पुस्तकंही त्याप्रमाणे वेगळी आहेत.

चंद्रपुरात केरळचे फादर का?

१९६२ साली व्हॅटिकनने नागपूरच्या महाधर्मप्रांतातून चांदा हा भाग वेगळा काढला आणि तो केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला. हे चर्च स्वतःची परंपरा येशूचा शिष्य संत थॉमसपर्यंत नेतं. ते रोमच्या पोपला मानतं, पण त्याची उपासनापद्धती पूर्वेकडची, सिरियाक वळणाची आहे. त्या चर्चला केरळबाहेर मिळालेला हा पहिला मिशन प्रदेश. १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. शहराचं नाव चंद्रपूर झालं तरी धर्मप्रांताचं नाव आजही 'चांदा'च आहे, आणि बिशपचं ठाणं बल्लारपूरला आहे.

हे काम ज्या संघाने उचललं तो म्हणजे सीएमआय, अर्थात कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट. त्याची पायाभरणी ११ मे १८३१ रोजी केरळमधल्या मान्नानम इथे झाली. तीन संस्थापकांपैकी कुरियाकोस एलियास चावरा (१८०५ ते १८७१) यांना २०१४ मध्ये संत घोषित केलं गेलं. चावरा लेखक होते आणि छापखानावालेही. १८४६ मध्ये त्यांनी मान्नानमला छापखाना सुरू केला. नीट नमुना मिळेना, तेव्हा केळीच्या खुंटापासून यंत्राची प्रतिकृती बनवून सुताराला दाखवली, असं त्याबद्दल सांगतात.

चावरांनी मल्याळममध्ये 'आत्मानुतापम' नावाचं दीर्घ काव्य लिहिलं. त्यात त्यांच्या आईचं चित्र येतं. तान्ह्या मुलाला तिने मरियेच्या चरणी वाहिलं होतं, म्हणजे अगदी आपल्याकडच्या नवसासारखं. पुढे ते सेमिनरीत शिकत असताना साथीच्या रोगात आई, वडील आणि एकुलता एक भाऊ गेले. नातेवाइकांनी गळ घातली की परत ये, वंश कोण चालवणार? त्यांनी घराची सोय बहिणीकडे लावून दिली आणि ते सेमिनरीतच राहिले.

एवढं वाचून वाटेल की आईचा नवस फेडणारा हा आज्ञाधारक मुलगा. पण याच चावरांनी १८६८ मध्ये आपल्या कैनकरी गावातल्या कुटुंबांसाठी एक उपदेशपर पत्र लिहिलं, जे 'चावरुळ' नावाने ओळखलं जातं. त्यात ते आईबापांना सांगतात की मुलं वयात आली की आयुष्याची वाट निवडण्याचं स्वातंत्र्य त्यांना द्या. लग्न की मठ, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. १९व्या शतकातल्या भारतीय कुटुंबाला हे सांगणं साधी गोष्ट नव्हती. माझ्या मते चावरांच्या लिखाणात आजच्या वाचकाने वाचावं असं काही असेल तर ते हेच पत्र.

दाराबाहेर चार-पाच दिवस

मठात कुणाला घ्यायचं, याचा सर्वात प्रभावी नियम ६व्या शतकात इटलीतल्या संत बेनेडिक्ट यांनी लिहिला. त्यांच्या नियमावलीचं ५८वं प्रकरण मुळातून वाचण्यासारखं आहे. नवा माणूस आला की त्याला सहज प्रवेश देऊ नका, तो चार-पाच दिवस दार ठोठावत राहिला, अपमान सोसला, तरच आत घ्या. मग दोन महिन्यांनी त्याला पूर्ण नियमावली वाचून दाखवा. पुन्हा सहा महिन्यांनी, पुन्हा चार महिन्यांनी. दर वेळी सांगा की हे जमणार असेल तर राहा, नसेल तर तू जायला मोकळा आहेस. असं वर्ष गेल्यावर व्रतं.

आणि एक बारकावा. व्रतं घेताना त्याचे स्वतःचे कपडे काढून घ्यायचे, पण ते टाकून द्यायचे नाहीत. मठाच्या कपडेखोलीत जपून ठेवायचे. कधीकाळी तो मठ सोडून गेलाच, तर मठाची वस्त्रं काढून त्याचे कपडे त्याला परत देता यावेत म्हणून.

सावधान ऐकून पळालेले

समर्थ रामदास बोहल्यावर 'सावधान' ऐकून पळाले, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. चर्चच्या इतिहासात पळण्याच्या गोष्टी आहेत, पण उलट्या. तिथे लोक धर्मगुरू होण्याच्या भीतीने पळाले.

४थ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, नाझियान्झसचे ग्रेगरी यांना त्यांच्या वडिलांनी (ते स्वतः बिशप होते) जवळजवळ बळेच धर्मगुरू केलं. ग्रेगरी पळून गेले. काही महिन्यांनी, ३६२च्या ईस्टरच्या सुमारास परतले आणि आपण का पळालो याचा लांबलचक खुलासा लिहिला. माणसांचे आत्मे सांभाळणं ही सगळ्यात अवघड विद्या आहे, ती शिकल्याशिवाय दुसऱ्याला शिकवायला कसा उभा राहू, हा त्यांचा मुद्दा. त्याच शतकातले जॉन क्रिसोस्टम तर त्याहून वरचढ. त्यांचं आणि बेसिल नावाच्या मित्राचं ठरलं होतं की दीक्षा घ्यायची तर दोघांनी, नाहीतर कुणीच नाही. ऐन वेळी जॉन लपून बसले आणि बिचारा बेसिल धर्मगुरू झाला. मित्राला फसवलं कसं आणि का, याचा संवाद म्हणजे त्यांचं 'धर्मगुरुपदाविषयी' हे पुस्तक. पुढे ५९०च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिले यांनी धर्मगुरूंसाठी जे पुस्तक लिहिलं, त्याचा सुरुवातीचा भागच या पदावर कोणी येऊ नये यावर आहे.

या सगळ्यांनी पुढे ही पदं सांभाळलीच, त्यामुळे पळण्यात थोडा शिष्टाचारही असावा अशी शंका येते. तरीही पदासाठी उतावीळ असलेला माणूस संशयास्पद, हा धडा चर्चने तिथून घेतला.

मनाच्या चवीवर लक्ष

तपासायचं म्हणजे नक्की काय तपासायचं, याचं सर्वात व्यवहारी उत्तर एका जखमी सैनिकाने दिलं. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोना इथे तोफगोळ्याने इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला. बिछान्यावर पडल्या पडल्या त्यांनी शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात निघालं ते फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या गोष्टी. मग ते कधी सरदारकीची स्वप्नं बघायचे, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही करताना मजा यायची. पण पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यानंतर बराच वेळ शांत राहायचं. हा फरक त्यांनी टिपून ठेवला.

त्यातून तयार झालेलं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ मध्ये पोपच्या मान्यतेने छापलं गेलं. नाव भारदस्त असलं तरी ते वाचायचं पुस्तक नाही, व्यायामाच्या पुस्तकासारखं करायचं आहे. निर्णयासाठी त्यातल्या सूचना अगदी साध्या. मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नका. मन भरून आलेलं असताना घाईने व्रत किंवा वचन देऊ नका. कधीही न भेटलेल्या एखाद्या माणसाला याच प्रसंगात तुम्ही काय सल्ला दिला असता, त्याचा विचार करा. मरणशय्येवर असताना आज कोणता निर्णय घेतलेला असावा असं वाटेल, तेही बघा.

आणि साधना करवून घेणाऱ्या मार्गदर्शकासाठी बजावलेलं आहे की समोरच्याला संन्यासाकडे ढकलू नका, संसाराकडेही ढकलू नका. तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहा. कुठल्याही शाळेत किंवा शिबिरात मुलांना 'तू फादर हो, तू सिस्टर हो' असं सांगणाऱ्या उत्साही मंडळींनी ही सूचना मोडलेली असते, आणि ती मोडताना ते आपल्याच संतांचं म्हणणं मोडत असतात.

बायकांनी काय लिहिलं?

आविलाच्या तेरेसा १५३५ मध्ये वडिलांना न सांगता मठात गेल्या. आत्मचरित्रात त्या काही गोड गोड लिहीत नाहीत. देवाच्या प्रेमापेक्षा नरकाची भीती मोठी होती, आणि घर सोडताना अंगातली हाडं निखळल्यासारखं दुखलं, असा त्यांचा कबुलीजबाब आहे. त्यामुळे बोलावणं आलं की आनंदाचं भरतं यायलाच हवं, असं मानणाऱ्याला तेरेसा उपयोगी पडतात.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेझ यांचं मात्र वेगळं. पंधराव्या वर्षी मठात जायचं म्हणून ही मुलगी १८८७ मध्ये थेट पोपसमोर गुडघे टेकून बसली. एप्रिल १८८८ मध्ये तिला प्रवेश मिळाला, १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी ती क्षयाने गेली, आणि पुढच्याच वर्षी 'एका आत्म्याची कथा' हे पुस्तक निघालं. २०व्या शतकात ते वाचून किती मुली मठाकडे वळल्या असतील याची मोजदाद नाही. पण ते मठातल्या तिच्या सख्ख्या बहिणीने बरंच हात फिरवून छापलेलं होतं. मूळ हस्तलिखितं जशीच्या तशी १९५६ मध्ये बाहेर आली आणि मग तेरेझ जास्त खरी, जास्त अडखळणारी दिसली. या प्रकारच्या लिखाणातला हा कायमचा दोष आहे. शेवट ठाऊक असलेल्या माणसाने सुरुवात लिहिली, की शंका गाळल्या जातात, आणि वाचणाऱ्या मुलीला वाटतं की शंका फक्त आपल्यालाच येतात.

जबरदस्तीचा प्रश्न तर जुनाच. हुंडा वाचवायला मुलीला मठात टाकणं युरोपातल्या श्रीमंत घरांत सर्रास चालायचं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने मुलीला बळाने मठात घालणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा जाहीर केली. ज्या अर्थी एवढी कडक शिक्षा लागली, त्या अर्थी प्रकार किती असतील याचा अंदाज करा.

वसई, गोवा आणि रंगाचा प्रश्न

बोलावणं देवाचं असलं तरी दार माणसांच्या ताब्यात असतं. हे आपल्या किनाऱ्याने चांगलंच अनुभवलं आहे. वसईचा गोन्सालो गार्सिया जपानमध्ये जेझुइटांबरोबर काम करत होता, पण त्यांच्या संघात त्याला जागा मिळाली नाही. तो व्यापारी झाला आणि नंतर मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रूसावर मारलं गेलं. १८६२ मध्ये तो संत झाला. दिवाडी बेटावरच्या मातेउश द काश्त्रू यांना गोव्यात धर्मगुरू होता येईना, म्हणून ते रोमला गेले, तिथे दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये बिशप झाले. पोर्तुगीज काळात गोव्यातले युरोपीय संघ स्थानिकांना सहसा आत घेत नसत. शेवटी १६८०च्या दशकात गोव्याच्या धर्मगुरूंनी स्वतःचाच संघ उभा केला. त्याला आकार देणारे बाणावलीचे जुझे वाझ २०१५ मध्ये संत घोषित झाले.

मराठीत या वाटेचं आतून लिहिलेलं पुस्तक हवं असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'नाही मी एकला' हे आत्मचरित्र आहे. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आणि मागे राहिलेल्यांच्या बाजूने? त्यासाठी कॅथलिक चौकट सोडून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडावी लागतात. नारायण वामन टिळक प्रोटेस्टंट, पण शेवटच्या काळात त्यांनीही संन्यस्त वाट धरली. नवऱ्याच्या डोक्यात देव शिरला की स्वयंपाकघरात काय होतं, हे लक्ष्मीबाईंइतक्या हसत आणि इतक्या खरेपणाने मठांवरच्या कुठल्याच पुस्तकाने सांगितलेलं मला आढळलं नाही.

आज नियम काय सांगतात?

ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी संसार असताना संन्यास घेतला. गुरूंना कळलं तेव्हा त्यांनी परत पाठवलं, आणि त्याची शिक्षा मुलांनी भोगली. कॅथलिक कायद्यात विवाह कायम असताना संघात घेतलेला प्रवेशच रद्द ठरतो. बळजबरी, मोठी भीती किंवा फसवणूक असेल तरीही रद्द.

प्रशिक्षणाचा पहिला औपचारिक टप्पा (नोव्हिशिएट) सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सुरू होत नाही. आधी काही वर्षांपुरती व्रतं, मग कायमची. लॅटिन चर्चमध्ये कायमच्या व्रतांसाठी वय किमान २१ आणि धर्मगुरू होण्यासाठी २५ लागतं. चांद्यासारख्या पूर्वेकडच्या चर्चमध्ये धर्मगुरूसाठी २४. लॅटिन कायद्यात फेडता न येणाऱ्या कर्जाखाली असलेल्याला घेऊ नये असं कलम आहे. पूर्वेकडच्या चर्चच्या १९९०च्या कायद्यात आणखी एक आहे, जे विदर्भात तरी लगेच कळावं. आईबाप किंवा आजी-आजोबा गंभीर अडचणीत असतील आणि त्यांना या मुलाच्या आधाराची गरज असेल, तर त्याला घेणं योग्य नाही. संघाने दुसरी सोय केली तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. पवित्र जीवनाचं पाचारण सगळ्यांनाच आहे, संसार करणाऱ्यांनाही. त्याच वर्षापासून ईस्टरच्या काळातला एक रविवार 'पाचारणांसाठी प्रार्थनेचा दिवस' म्हणून पाळला जातो आणि पोप दरवर्षी त्यावर संदेश लिहितात. ते संदेश, खरं सांगायचं तर, बरेचसे सरकारी परिपत्रकासारखे वाटतात.

आणि जे बाहेर पडतात?

चावरांनी १८६६ मध्ये केरळमध्ये मुलींसाठीही संघ सुरू केला. त्याच परंपरेतल्या सीएमसी संघातल्या सिस्टर जेस्मी २००८ मध्ये बाहेर पडल्या आणि २००९ मध्ये त्यांचं 'आमेन' हे आत्मचरित्र आलं. मठातली सत्ता, पैसा आणि लैंगिक वर्तन याबद्दल त्यात गंभीर आरोप आहेत. चर्चच्या पुस्तकालयात ते पाचारणाच्या कपाटात ठेवलं जाणार नाही, पण विषय तोच आहे. जिचं बोलावणं खरं होतं असं ती स्वतः मानते, अशा बाईने दार उघडून बाहेर का पाऊल टाकलं, हे बेनेडिक्टच्या ५८व्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचायला हवं.

बाहेर पडण्याची रीत ठरलेली आहे. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की माणूस मोकळा. कायमची व्रतं घेतली असतील तर वरून परवानगी लागते. धर्मगुरूला अविवाहित राहण्याच्या बंधनातून फक्त पोप सोडवू शकतात. पैशाबद्दलचं कलम मात्र छोटं आहे. संघात असताना केलेल्या कामाचा मोबदला मागण्याचा हक्क बाहेर पडणाऱ्याला नाही. संघाने त्याच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावं, एवढंच पुढे म्हटलं आहे. वीस वर्षं शाळेत शिकवून पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलेल्या सिस्टरच्या हातात किती रक्कम द्यायची, ते त्या त्या संघाचे वरिष्ठ ठरवतात.